दाराआडचा झाडू

कोणी बघत असले की किनुए नागासेच्या घशाखाली घास उतरत नसे. यात आजारपण काही नव्हते. ती कोजी, म्हणजे दारू आणि मिसो आंबवायला लागणारे तांदळाचे विरजण, विकणाऱ्या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की घरात पाहुणा असेपर्यंत घरच्या बाईने जेवायचे नाही, आडवे व्हायचे नाही, आणि आपल्याला भूक लागली आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. पाहुणा गेला की स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यायचे आणि मग काय खायचे ते खायचे. पन्नासहून जास्त वर्षे हे सुरळीत चालले, कारण पाहुणे आपापल्या घरी जात असत.

आता ते जात नव्हते. त्या वसंतापासून जपानमधल्या ताकायामाच्या कोजिया गल्लीतले नागासेंचे घर सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत तिकीट लावून दाखवले जात होते. गल्लीतली बाकीची घरे बाहेरून तशीच होती, काळी लाकडे, खोल वळचणी, दारापुढून वाहणारे गटाराचे स्वच्छ पाणी; पण आत कुठे आइस्क्रीम, कुठे काडीवर भाजलेले गोमांस, कुठे नाव कोरून मिळणाऱ्या जेवणाच्या काड्या. संध्याकाळी दुकानदार गाड्या काढून हमरस्त्यापलीकडच्या नव्या वस्तीत झोपायला जात. रात्री गल्लीत दोनच घरांत दिवा असे. एक साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या सुमाबाईंचे, आणि दुसरे किनुएचे. म्हणून गल्लीच्या जतन मंडळाने छापलेल्या नकाशात नागासेंच्या घरापुढे ‘राहते घर’ असे लिहिले होते.

मुलगी रिएको आणि जावई शूजी हेही नव्या वस्तीतच राहत. छपराला खर्च आला तेव्हा रिएकोने आईपुढे दोन रस्ते ठेवले. मंडळ छप्पर करून देईल, पण घर लोकांना दाखवावे लागेल. नाहीतर गिफूला वृद्धांसाठी एक संस्था आहे, स्वच्छ आहे, खोलीच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.

‘मी या घरातून जिवंत जाणार नाही,’ किनुए म्हणाली.

‘मग राहा,’ रिएको म्हणाली. ‘लोक बघतील, एवढंच.’

रस्त्याकडच्या खोलीला उभ्या लाकडी गजांची जाळी होती. आतून बाहेरचे सगळे दिसे, बाहेरून आतले काही दिसत नसे. यात लाकडाची काही करामत नाही, उजेडाची आहे. ज्या बाजूला अंधार असतो ती बाजू बघते आणि ज्या बाजूला उजेड असतो ती दिसते. किनुएने या जाळीमागे बसून गल्लीतली लग्ने, भांडणे आणि कोणाची सून रडत माहेरी निघाली ते पाहिले होते, आणि तिला कोणी पाहिले नव्हते. मंडळाने पाहुण्यांच्या सोयीसाठी खोलीत दिवे लावले. पहिल्या दिवशी दिवे लागले तशी जाळी उलटली. आता गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबे आणि जमिनीतल्या आगटीशेजारी बसलेली म्हातारी बघे.

आत आलेले जास्त बघत. त्यांनी उंबऱ्यावर पाय दिले, कपाटे उघडली, भाताच्या डब्याचे झाकण काढून वास घेतला. एका माणसाने तिच्या गुडघ्यापाशी वाकून बायकोला विचारले की ही खरी आहे का. किनुएने मान हलवली तेव्हा बायको दचकून मागे सरली आणि मग दोघेही खूप हसले. पोरे तिला आजी म्हणत, मोठी माणसेही आजी म्हणत, आणि फोन पुढे धरून थोडं डावीकडे सरका म्हणत.

सकाळी दार उघडायच्या आधी तिला फक्त आंबवलेल्या सोयाबीनचे, मिसोचे पाणी जाई. संध्याकाळी दार लागले की इतका थकवा येई की भात शिजवायचा राहून जाई. उन्हाळा संपला तेव्हा कमरेचा पट्टा आधीपेक्षा एक वेढा जास्त घेऊ लागला.

‘तुला जेवू नको असं कोण म्हणालंय?’ रिएको म्हणाली. ‘जेव की दुपारी आगटीपाशी. लोकांना आवडेल.’

शूजीला ही कल्पना पटली. मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर सासूबाई मिसो भाजतात आणि खातात, असे पाटीवर लिहिता येईल, वेळही देता येईल, असे तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. नागासेंना मुलगा नाही म्हणून तो दत्तक जावई होऊन आला, आपले आडनाव टाकून त्यांचे घेतले, आणि तेव्हापासून कोणाच्या शब्दाबाहेर गेला नाही. त्याच्यात वाईट असे काही नव्हते, हीच रिएकोची तक्रार होती.

किनुएने आगटीपाशी जेवायला नकार दिला.

शरद सुरू झाला, डोंगरावर मेपल लाल झाले, आणि गर्दी दुप्पट झाली. एका दुपारी म्हातारीच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. ती कोणाला न सांगता उठली, आतल्या खोलीत गेली, कोपऱ्यातला बांबूच्या दांड्याचा झाडू घेतला आणि दाराआड उलटा उभा केला. दांडा खाली, गवत वर. गवतावर हात पुसायचा एक रुमाल टाकला. फार वेळ बसलेल्या पाहुण्याला घालवायला तिच्या सासूने हेच शिकवले होते. झाडूने जशी घाण बाहेर जाते तसा पाहुणा जातो. अट एकच की झाडू पाहुण्याच्या नजरेस पडता कामा नये. आड असेल तर युक्ती, दिसला तर अपमान.

ती परत येऊन बसते न बसते तोच समोरची सगळी मंडळी उठली. त्यांची बस सुटायची वेळ झाली होती. किनुएला बसचे काही माहीत नव्हते. घर रिकामे झालेले पाहून ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतले आणि सकाळचा गार भात लाल सलगमच्या लोणच्याबरोबर उभ्यानेच खाल्ला. चोर जसा खाईल तसा खाल्ला. पुढच्या टोळीची चाहूल लागली तेव्हा शेवटचा घास न चावता गिळला होता.

त्यानंतर झाडू रोज उलटा उभा राहू लागला. कधी लोक लवकर जात, कधी नाही. गेलेले ती लक्षात ठेवी, बसून राहिलेले विसरे. त्यामुळे तिच्या हिशेबी झाडू बहुतेक वेळा चाले.

मग ओसाकाहून आलेल्या एका बाईने शौचालय समजून आतल्या खोलीचे दार सरकवले. रुमाल डोक्यावर घेतलेला उलटा झाडू बघून तिला हसू आवरेना. तिच्या आजीकडे हे ऐकले होते, पण खरोखर कोणी अजून करत असेल असे वाटले नव्हते. तिने फोटो काढून सगळ्यांना पाठवला. आठ-दहा दिवसांत लोक तिकिटाच्या खिडकीशी येऊन रिएकोला विचारू लागले की जिथे म्हातारी पाहुण्यांना हाकलते ते घर हेच का.

रिएको आत आली, दाराआडचा झाडू उचलला आणि रस्त्याकडच्या खोलीत आगटीच्या मागच्या खांबाला उलटा टेकवून ठेवला. शेजारी पाटी ठेवली, ‘आता निघा बरं: जुन्या घरातली एक युक्ती.’

‘अगं, तो दिसायचा नसतो,’ किनुए म्हणाली.

‘मला माहीत आहे,’ रिएको म्हणाली. ‘मोरिओला दिसला होता.’

मोरिओ स्टेशनाजवळच्या सायकलवाल्याचा मुलगा. रिएको विशीत होती तेव्हा तो पहिल्यांदा आणि शेवटचा या घरी आला होता, गोड डाळीचे पेढे घेऊन, गुडघे जुळवून बसला होता. किनुएने त्याला चहा दिला, त्याच्या वडिलांची चौकशी केली, थंडी लवकर पडली म्हणाली, आणि मग आत जाऊन दार उघडेच ठेवून त्याच्या बरोबर समोर झाडू उलटा उभा केला. ती चुकली नव्हती. दार मुद्दाम उघडे ठेवले होते. मोरिओने अर्धा चहा ठेवला, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि बुटांच्या टाचा दुमडलेल्या तशाच घालून निघून गेला. त्याने नागोयाला दुकान काढले, तिथेच लग्न केले. पुढच्या वर्षी शूजी आला.

आता झाडू सगळ्यांना दिसत होता आणि कोणालाही अपमान वाटत नव्हता. लोक त्याच्या एका बाजूला उभे राहत, दुसऱ्या बाजूला किनुएला बसवत आणि फोटो काढत. ‘आजी, निघतोच हं आम्ही,’ असे म्हणून डोळे मिचकावत आणि पुन्हा मांडी घालून बसत. ज्यांना जुन्या घरांत काही गोडी नव्हती तेही झाडूसाठी येऊ लागले. मंडळाने संध्याकाळचे दिवे लावले आणि दार आठपर्यंत उघडे ठेवायला सांगितले. एरवी गवत खाली करून ठेवलेल्या झाडूचे गवत वाकते. हा सारखा उलटा राहिल्यामुळे त्याचे गवत नव्यासारखे सरळ झाले. शूजीने एकदा हे कौतुकाने दाखवले. किनुएचे गाल त्याच महिन्यात आत गेले.

गल्लीत बर्फापासून घरे झाकायच्या फळ्या लावायचे काम सुरू झाले त्या आठवड्यात ती एका सकाळी फार लवकर उठली. तिला आता एकच हवे होते, घरात एक दिवस कोणी नसावे. झाडूने जात नाहीत ते पाहुणे कशाने जातील याचा तिने बराच विचार केला होता.

तिने भात शिजवला आणि एका वाडग्यात उंच रचून मधोमध जेवणाच्या दोन काड्या उभ्या खोचल्या. असा वाडगा फक्त मेलेल्याच्या उशाशी ठेवतात. रस्त्याकडच्या खोलीत गादी घातली, उशी उत्तरेला केली. लाकडी चौकटीचा घडीचा पडदा ओढत आणला, त्याला पालथा करताना दोनदा बसून दम घेतला. पडद्यावरचे करकोचे आता पाय आभाळात करून उभे होते. मृत्यूच्या घरी सगळे उलटे मांडतात, ते तिला नीट येत होते. सासऱ्याचे, सासूचे आणि नवऱ्याचे तिनेच मांडले होते. मेलेल्याच्या छातीवर ठेवतात तसा सुरा नव्हता म्हणून भाजीची सुरी फडक्यात गुंडाळली. उदबत्ती लावली. मग आडवी झाली, सुरी छातीवर ठेवली, पांढरा रुमाल तोंडावर टाकला आणि श्वास पोटात घ्यायचा सराव केला.

नऊ वाजता रिएकोने बाहेरून दार उघडले आणि नेहमीप्रमाणे आत न डोकावता तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली. पहिली टोळी नागोयाची होती. पुढे पिवळा झेंडा घेतलेली वाटाडी बाई. ‘झाडू कुठाय, झाडू?’ असे कोणीतरी मागून विचारत होते. वाटाडी उंबरा ओलांडून थांबली. तिने झेंडा खाली केला. मागच्या एकाने फोन वर धरला होता त्याच्या भिंगावर तिने तळहात ठेवला. मग ती गादीच्या दिशेने खाली वाकली, आणि तिचे बघून सगळे वाकले, आणि माणसे बूट हातात घेऊन मोज्यांवरच दगडी पायरीपर्यंत मागे गेली. वाटाडीने खिडकीशी येऊन रिएकोला दुखवट्याचे शब्द सांगितले आणि इतक्या मोठ्याने बोलत आत आल्याबद्दल क्षमा मागितली.

रिएको उठली आणि आत गेली.

तिने उलटे करकोचे पाहिले, उदबत्ती पाहिली, भात पाहिला. भातातून अजून वाफ येत होती. फडक्यातून सुरीच्या मुठीचा लाल दोरा दिसत होता, तो तिनेच बांधला होता. तोंडावरचा रुमाल ओठांपाशी किंचित आत ओढला जात होता आणि किंचित फुगत होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली. ‘आई, ऊठ, पुरे झालं,’ एवढे म्हणाली असती तर त्या दिवसाचे तिथेच मिटले असते.

ती वळली. वडील गेले तेव्हाची सुतकाची पाटी खणात होती, ती काढून दारावर लावली. फळ्या ओढल्या. आणि गटार ओलांडून शेजारी सुमाबाईंकडे गेली आणि म्हणाली की आई गेली.

किनुएने फळ्यांचा आवाज ऐकला. मग अंधार झाला आणि बाहेरची पावले लांब गेली. ती बराच वेळ रुमालाखाली तशीच पडून राहिली, कारण एवढ्यावर विश्वास बसत नव्हता. रिएको आत आली होती, उंबऱ्याशी थांबली होती, हे तिला पावलांवरून कळले होते. आणि तरीही तिने फळ्या ओढल्या. म्हणजे पोरीने ओळखले, आणि आजच्या दिवसापुरती आईला सुटका दिली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आले आणि रुमाल गालाला चिकटला.

ती उठून बसली. उशाशी भात होता, गरम होता. तिने काड्या उपटल्या आणि त्याच काड्यांनी खायला सुरुवात केली, खोलीच्या मधोमध, मांडी घालून, सावकाश. त्या जागी ती आयुष्यात पहिल्यांदा जेवत होती.

शेजारी तोवर गल्ली कामाला लागली होती. इथे कोणी गेले की त्या घरातल्यांनी पाणीसुद्धा तापवायचे नसते. शेजारच्या बायका येऊन चूल ताब्यात घेतात. वादळातही बंद न होणारी दुकाने बंद झाली. आइस्क्रीमचे यंत्र थांबले, गोमांसाच्या काड्यांचे निखारे वाळूत पुरले. गटाराच्या एका झाकणावरून सुमाबाई किनुएशी कित्येक वर्षे धड बोलल्या नव्हत्या, त्याही भट्टीच्या अंगणात गड्यांसमोर उभ्या राहून रडल्या. मग डोळे पुसून घरातले सगळ्यात मोठे पातेले काढले, पांढरा एप्रन बांधला आणि बायकांना घेऊन नागासेंच्या मागच्या दाराने आत शिरल्या. रीतीप्रमाणे पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या देवाच्या फळीवर देवाला मृत्यू दिसू नये म्हणून पांढरा कागद चिकटवला. मग मधले दार सरकवले.

किनुए घास चावत होती. ओठाला एक शीत होते.

कोणी ओरडले नाही. एकीने हातातला तोफूचा डबा हळूच खाली ठेवला. सुमाबाईंनी पालथा पडदा पाहिला, उदबत्ती पाहिली, आणि मग वाडगा पाहिला. वाडगा अर्धा झाला होता.

‘कसा झालाय भात, किनुएबाई?’

किनुएने काड्या खाली ठेवल्या. ‘सुमाबाई, मला फक्त पाहुणे घालवायचे होते.’

‘आम्ही पाहुणे नव्हतो. तुम्हाला न्हाऊ घालायला आलो होतो.’

‘तुम्हाला बोलवावं असं माझ्या मनातही नव्हतं.’

‘मेल्यावर कोण बोलवतं? आपणच जायचं असतं.’ सुमाबाईंचा आवाज चढला नव्हता. ‘मी गड्यांसमोर रडले. साठ वर्षांत मला रडताना कोणी पाहिलं नव्हतं.’

बायकांच्या मागे रिएको उभी होती, हात तोंडावर. ‘मी जवळ गेलेच नाही,’ ती म्हणाली. ‘रुमाल दिसला आणि तशीच मागे फिरले.’

दोघी-तिघींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

‘तू उंबऱ्याशी थांबली होतीस,’ किनुए म्हणाली. ‘तुझं पाऊल मला कळत नाही होय?’

‘आता पोरीवर ढकलू नका,’ सुमाबाई म्हणाल्या. त्यांनी पातेले काखेत घेतले. ‘आम्ही एकदा आलो. पुन्हा येणार नाही. आमच्या बाजूने तुमचं सगळं झालं.’

त्या आल्या तशा मागच्या दाराने गेल्या. देवाच्या फळीवरचा कागद कोणी काढला नाही.

किनुएला आधी वाटले की हे चार दिवसांत निवळेल. पण सुमाबाई रागावल्या नव्हत्या. त्या दुखवटा पाळत होत्या, आणि त्यांच्यामागे गल्ली. किनुए दारात उभी राहून सुप्रभात म्हणाली की समोरच्या बाईची नजर तिच्या अंगावरून मागच्या भिंतीवर जाई. भाजीवाली तिच्या हातातले पैसे न घेता टोपली उचलून पुढे जाई. फिरायला आलेल्या एकाने सुमाबाईंना विचारले की ते झाडूचे घर कुठले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ते होय? तिथली म्हातारी वारली.’ मंडळाने नव्या नकाशातून ‘राहते घर’ हे शब्द काढून टाकले. ज्या घरासाठी सगळ्या गल्लीने दुकाने बंद केली, आणि ज्यात प्रेताने भात खाल्ला, ते घर तिकीट लावून दाखवायला कोणी तयार नव्हते.

तिला हवे होते ते मिळाले. घरात कोणी नव्हते. दिवे काढले, जाळी पुन्हा पूर्वीसारखी झाली, आतून दिसे, बाहेरून दिसत नसे. पहिले काही दिवस ती तिन्ही वेळा जेवली. नंतर दोन वेळा. एका माणसाचा भात शिजवायला पाणी किती घ्यायचे याचा अंदाज येत नव्हता, आणि उरलेला कोणाला द्यायचा तर दारावर कोणी येत नव्हते.

मग बर्फ पडले. गल्लीत प्रत्येक जण आपल्या दारापुढचे बर्फ काढतो आणि पुढे हातभर शेजाऱ्याचेही काढतो. हातभर काढले नाही तर तुटक दिसते, जास्त काढले तर उपकार केल्यासारखे होते. त्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंची फावडी नागासेंच्या भिंतीच्या टोकाशी थांबली. कापलेल्या तोफूसारखी सरळ कड दोन्हीकडे उभी राहिली आणि मधले बर्फ रोज वाढत गेले. किनुए आतून बघत असे. फावडे कडेपाशी येई, एकदा हवेत थांबे आणि परत फिरे.

मंडळ करून देणार होते ते छप्पर तसेच राहिले. शूजी एकदा बायकोला म्हणाला, ‘थोडे दिवस जाऊ दे. विसरतील लोक.’

‘जिवंत माणसाचं विसरतात,’ रिएको म्हणाली. ‘मेलेल्याचं कोण विसरतं?’

तिचे मंडळाशी बोलणे झाले होते. आई गिफूला गेली की उन्हाळ्यात घर पुन्हा उघडायचे, आणि आगटीपाशी पुतळा बसवायचा. झाडू पूर्वीच्याच जागी. मंडळातल्या एकाने म्हटले की पुतळा बरा, त्याला भूक नसते. या सूचनेवर सगळे हसले, आणि सुमाबाईंनी हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या मते घर रिकामेच होते.

न्यायच्या दिवशी शूजी गाडी सुरू ठेवून गल्लीच्या तोंडाशी थांबला. रिएको एकटी बर्फ तुडवत आली. किनुएने तिला आगटीपाशी बसवले, पाणी तापवले, चहा केला.

‘आज रस्ता निसरडा असेल,’ ती म्हणाली. ‘उद्या गेलो तर?’

रिएकोने चहाचा घोट घेतला.

किनुए बोलत राहिली. लोणच्याच्या पिंपावरचा दगड हलवायला हवा. वडिलांच्या श्राद्धाला भटजींना कोण सांगेल. खालच्या खोलीची एक चटई मऊ लागते, खाली पाणी आले असेल. आपण गेलो तर उंदीर होतील. रिएकोने प्रत्येक गोष्टीला हं म्हटले, एकदाही घड्याळाकडे बघितले नाही, एकदाही चल म्हणाली नाही. आईने पुन्हा पाणी तापत ठेवले तेव्हा तिने पेला खाली ठेवला.

‘तुझे कपडे बघून येते,’ ती म्हणाली. ‘आणि तो निळा किमोनो राहू दे इथेच. पुतळ्याला लागेल.’

ती आतल्या खोलीत गेली आणि मागे दार ओढून घेतले.

झाडू नेहमीसारखा ठेवला तर आधी गवत जमिनीला लागते, त्याचा आवाज होत नाही. उलटा ठेवला की बांबूचे टोक लाकडावर टेकते. दाराआडून तसा एकच टक् असा आवाज आला. त्यामागून रुमाल झटकल्याचा आवाज.

किनुए आगटीकडे बघत बसली. पाण्याला नुकती धग लागली होती.

रिएको बाहेर आली, दार नीट ओढून घेतले आणि आईच्या जागेवर बसली. किटलीला हात लावून म्हणाली, ‘अजून थोडा चहा घ्याल ना?’

किनुएने आपला पेला बशीवर पालथा घातला. दोन्ही तळहात चटईवर टेकवले आणि कपाळ त्यांना लागेपर्यंत वाकली.

‘फार वेळ बसले,’ ती म्हणाली. ‘निघते आता. पाहुणचार छान झाला.’

‘इतक्यात?’ रिएको म्हणाली. ‘बसा ना अजून थोडं.’

आणि उठून तिने बाहेरचे दार उघडून धरले.